जामगुड्याची शिवकाठी

१

गोकुळा मारबतेचा मासेमारीचा डोंगा नदीपल्याडच्या राज्याच्या गस्ती पथकाने धरला, ही बातमी मासळी खात्याच्या रश्मी रामटेकेला सकाळी साडेआठला कळली. सव्वानऊला बुरांडे साहेबांनी तिला आयर्लंड ऐकवायला घेतलं.

आता जामगुड्याच्या नदीचा आणि आयर्लंडचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. रश्मीनेही एकदा विचारलं होतं, आणि ती चूक तिला दीड वर्षापासून भोवत होती. साहेब मासळी खात्याच्या प्रशिक्षणाला पंधरा दिवस तिकडे जाऊन आले होते. तेव्हापासून तळ्यात माशांची बोटुकली सोडायची बैठक असो की जाळ्यांचं वाटप, साहेब ब्रेक्झिटवरून सुरुवात करत. ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडलं. आयर्लंडचं बेट एक, पण वरचा तुकडा ब्रिटनचा आणि बाकीचा देश संघातच राहिलेला. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचा गोठा एका देशात आणि कुरण दुसऱ्यात. दूध इकडे काढायचं, डेअरी तिकडे, आणि मध्ये ही कागदांची चळत.

"आणि मासेमारी तर विचारूच नका," साहेब फोनवर म्हणाले. रश्मीने विचारलं नव्हतंच. "शेजारधर्म म्हणून वर्षानुवर्षं एकमेकांच्या पाण्यात जात होते. कोर्टाने विचारलं, हे कायद्यात कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. धरल्या की हो दोन बोटी. आपली केस डिट्टो तशीच आहे, मॅडम."

रश्मी म्हणाली, हो सर. दुसरं काय म्हणणार? तिला हवी होती ती माहिती शेवटच्या अर्ध्या मिनिटात मिळाली. सोमवारी दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक, तीही नदीच्या वाळूवरच. गोकुळाने हद्द जाणूनबुजून ओलांडली असं त्यात ठरलं, तर पल्याडचे लोक तिचा डोंगा तोडून टाकणार आणि अल्याड जामगुड्याच्या सोसायटीचा परवाना रद्द होणार. सदतीस घरं त्या पाण्यावर जगत होती. आणि आज शुक्रवार होता.

घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकांमागे वाढलेल्या बाईने खड्ड्यांची तक्रार करू नये, पण आलापल्लीच्या पुढे तो रस्ता राहतच नाही. तीन तास जीप हादरली. जामगुड्याला पोचली तेव्हा रश्मीची कंबर आणि डोकं, दोन्ही कामातून गेली होती.

गोकुळा ओसरीत जाळं विणत बसली होती. साठीची बाई, नवरा गेल्यापासून एकटी डोंगा हाकणारी. तिने रश्मीला पाटावर बसवलं, चहा ठेवला आणि काही विचारायच्या आत बोलून टाकलं.

"मीच गेली शीव वलांडून. लिवून घ्या मॅडम."

का गेली? गेली, बस्स. किती आत गेली? गेली ना जी. कुणी सांगितलं होतं का? नाई. रश्मीने प्रश्न चार वेळा फिरवून विचारला आणि चारही वेळा तेच उत्तर आलं. चाळीस वर्षं ज्या बाईवर एक दंड नाही, ती स्वतःचा डोंगा आणि गावाचा परवाना एका वाक्यात देऊन मोकळी होत होती, आणि वर विचारत होती की चहात साखर कमी तर नाही. रश्मीने पेन ठेवलं आणि कपाळ चोळलं.

जीपमध्ये बसून तिने पंचनाम्याची प्रत उघडली. पल्याडच्या पथकाने इमानदारीने सगळं मोजून लिहिलं होतं. पहाटे दाट धुकं. जाळ्याचं शेवटचं टोक हद्दीच्या शिवकाठीपासून सहा हात अलीकडे, जामगुड्याच्या अंगाला.

रश्मीने ती ओळ दोनदा वाचली. अलीकडे. शीव ओलांडली म्हणून कबूल करणारी बाई काठीच्या पुढे एक वीतही गेली नव्हती.

२

सोसायटीचा अध्यक्ष बाबुलाल आणि गोकुळा यांचं दोन वर्षांपासून बोलणं बंद होतं. डोहावर जाळं टाकायच्या पाळीवरून भांडण झालं आणि ते तसंच राहिलं. त्यामुळे निदान हा तरी घडाघडा बोलेल अशी रश्मीची आशा होती. बाबुलाल बोलला, भरपूर बोलला. कामाचं सोडून सगळं बोलला.

शिवकाठीचं रश्मीला तसं ठाऊक होतं. सरकारी नकाशातली दोन राज्यांची रेघ जुन्या कुठल्याशा साली नदी जिथून वाहत होती तिथून जाते. नदीने तेव्हापासून चारदा कूस बदलली आणि ती रेघ आता एका माणसाच्या धानाच्या बांधीतून जाते. तिच्यावर बोट ठेवून कोण मासे मारणार? म्हणून पूर ओसरला की दिवाळीच्या आधी दोन्ही काठांचे मासेमार एकत्र येतात आणि डोहाच्या तोंडाशी, सगळ्यात खोल धारेला लागून, ओल्या बांबूची एक काठी रोवतात. पल्याडचं सावरीचं झाड आणि अल्याडच्या मारुतीचा कळस यांच्या बरोबर रेषेत. शेंड्याला आपली लाल चिंधी, त्यांची पिवळी. काठीपासून खाली सरळ रेघ धरायची, पाण्यावरून आणि पुढच्या वाळूवरूनही. दोन्हीकडचे अधिकारी ती मानतात, आणि दोन्हीकडच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही.

बाबुलालने तिला डोंग्यातून नेलं. काठीपाशी पोचल्यावर रश्मीने कळसाकडे पाहिलं, मग सावरीकडे पाहिलं. काठी रेषेत नव्हती. खोल धार सोडून चांगली पन्नास हात तिरकी पल्याडच्या अंगाला सरकली होती.

"हे कधी झालं?" तिने विचारलं.

"काय म्हाईत जी."

"तुम्ही रोज इथून जाता, बाबुलाल भाऊ."

"रोज कोन पाह्यते?" बाबुलालने वल्हं उगाच दुसऱ्या हातात घेतलं. "पोचूनंच केलं असन. पल्याडचा हाय तो."

रश्मीला हसावं की रडावं कळेना. काठी पल्याड सरकली म्हणजे जामगुड्याचं पाणी वाढलं, पोचूच्या गावाचं कमी झालं. पोचू काय स्वतःच्याच तोंडचा घास काढून देणार होता? आणि सोमवारी कुणीही शहाणा अधिकारी हेच म्हणेल की काठी जामगुड्याने हलवली आणि गोकुळा ठरवून आत गेली. डोंगाही गेला आणि परवानाही गेला. एवढं बाबुलालला कळत नव्हतं असं थोडंच होतं?

धुक्याचं मात्र तिला उमगलं. त्या पहाटे ना सावर दिसत होती ना कळस. दिसल्या असतील त्या जवळ आल्यावर चिंध्या, आणि गोकुळाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. पथकाने मात्र धुकं निवळल्यावर सावर आणि कळस पाहून डोंगा धरला असणार. तिने चूक केलीच नव्हती. मग कबुली कशाची?

निघताना तिने काठीचा फोटो काढला, कारण साहेबांना प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो, तोही ठिकाणाच्या शिक्क्यासह. काठीच्या वरच्या भागात, हाताला येईल एवढ्या उंचीवर, वाळलेल्या शेवाळाचा हिरवट पट्टा होता.

"पाणी एवढं चढलं होतं का मधे?"

"नाई जी. दिवाळीपासून उतरूनच राह्यलं."

मग शेवाळ वर कसं गेलं, असं ती विचारणार तेवढ्यात बाबुलालने डोंगा वळवला. एवढ्या घाईने की रश्मीचा फोन पाण्यात जाता जाता वाचला.

३

शनिवारी ती पल्याड गेली. पोचू सत्तरीकडे झुकलेला, गोकुळाच्या नवऱ्याचा जुना दोस्त. तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलायचा. तक्रार आपण केली नाही, पथक आपलं आपण फिरत आलं, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मग तो रश्मीकडे असा पाहत राहिला की जणू चोर तीच आहे.

"काठी कोणी हलवली, पोचू भाऊ?"

"तुम्हाले म्हाईत, अम्मा."

"मला कसं माहीत असणार?"

"हे मासेवाल्याच्या हाताचं काम नाई," पोचू म्हणाला. "ना आमच्या, ना तुमच्या. तुमच्या हापिसात विचारा."

रश्मीने समजावलं, चिडली, शेवटी हात जोडले. पोचूने तिला ताक दिलं आणि काठापर्यंत पोचवायला आला. काय म्हणावं या माणसांना? पाहुणचार सगळे करत होते, ताकाला आणि चहाला कुणी नाही म्हणत नव्हतं. फक्त खरं सांगायचं तेवढं सोडून.

आणि मग डोंग्यात बसल्याबसल्या ती पोचूचे शब्द घोळवायला लागली. हापिसात विचारा. जानेवारीत साहेब स्वतः इथे येऊन गेले होते, उपग्रहावरून जागा दाखवणारं ते यंत्र घेऊन. शास्त्रीय सीमा निश्चित करायची म्हणत होते. त्यांनीच तर नाही काठी उपटून आपल्या यंत्राप्रमाणे रोवली?

तिने काठावरूनच फोन लावला. साहेबांनी आधी सांगितलं की आयर्लंडमध्ये एक खाडी अशी आहे जिच्यातली सीमा नेमकी कुठे यावर दोन्ही देशांचं आजतागायत जमलेलं नाही, आणि तरी तिथल्या माशांवर दोघांचं मिळून एकच खातं लक्ष ठेवतं. रश्मीने ऐकून घेतलं. मग विचारलं की सर, जानेवारीत तुम्ही पाण्यात उतरला होतात का?

"पाण्यात? छे हो. नवे बूट होते. मी जीपमधूनच पाहिलं."

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या बुटांचे आभार मानावेत असं तिला वाटलं.

पण पोचूचं वाक्य डोक्यातून जाईना. मासेवाल्याच्या हाताचं काम नाही, हे त्याला काठीकडे पाहून कळलं होतं. म्हणजे काठीवर काहीतरी होतं. बाबुलालनेही ते पाहिलं होतं, म्हणून तर डोंगा वळवला. दोन काठांवरच्या प्रत्येक मासेमाराला जे दिसत होतं ते पगार घेणाऱ्या अधिकारी बाईला तेवढं दिसत नव्हतं. ती पुन्हा काठीपाशी गेली. या वेळी गुडघाभर पाण्यात उतरून तिने चिंध्या हातात घेतल्या.

दिवाळीत त्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेल्या तिने स्वतः पाहिल्या होत्या. आता त्या अंबाडीच्या वाकाने बांधल्या होत्या.

४

अंबाडीचा वाक, म्हणजे सालीची दोरी, मासेमाराच्या घरी क्वचित सापडते. पाण्यात कुजते ती. ती लागते वाडीवाल्यांना, कुंपण आवळायला. आणि डोहाच्या खालच्या वाळूवर एकच टरबुजाची वाडी होती. गोकुळाच्या जावयाची.

रविवारी सकाळी रश्मी तिथे गेली तेव्हा अमर वेलांना घागरीने पाणी घालत होता. चामोर्शीकडचा धानवाला माणूस, लग्नानंतर तीन वर्षांनी बायकोच्या गावी येऊन वाळूत टरबूज लावायला लागलेला. मेहनती. त्याने रश्मीला काकडी कापून दिली, मीठ लावून. त्याची बायको दामिनी झोपडीच्या दाराशी बसली होती. डोळे सुजलेले होते.

अमर बोलला. गेल्या वर्षी वेल फळावर आले होते तेव्हा पल्याडचे गार्ड आले, वाळू आपली आहे म्हणाले आणि अर्धी वाडी उपटून गेले. दामिनी दोन दिवस जेवली नव्हती. या वर्षी पुराने धार सरकली आणि दिवाळीत रोवलेल्या काठीची रेघ वाडीच्या बरोबर मधून गेली. हे सगळं त्याने रागाने सांगितलं, आणि मग जास्तच सांगून बसलो असं त्याच्या लक्षात आलं.

"दिवाळीत काठी रोवली तेव्हा तू होतास का इथे?" रश्मीने विचारलं.

"नाई जी. चामोर्शीले होतो. धान कापाले."

रश्मी वाडीभोवती फिरली. कुंपणाचे बांबू एकसारखे रोवलेले होते, प्रत्येकाचा जाड बुंधा वाळूत आणि बारीक शेंडा वर. फांद्या तोडल्यावर उरलेले खुंट आभाळाकडे तोंड करून होते. कुठलाही शेतकरी बांबू असाच रोवतो, दुसऱ्या तऱ्हेने रोवायचं त्याच्या मनातही येत नाही. सगळ्यांना वाक आवळलेला होता.

तिने फोन काढला आणि दिवाळीच्या वेळचा फोटो शोधला. शिक्क्यात ठिकाण आलापल्लीचं बसस्टँड आलं होतं, म्हणून साहेबांनी तेव्हा तो नापास केला होता. पण काठी स्वच्छ दिसत होती. चिंध्या जाड बुंध्याला बांधलेल्या होत्या, शेंडा पाण्यात होता, आणि खुंटांची तोंडं सगळी खाली, पाण्याकडे. मग तिने शुक्रवारचा फोटो लावला. खुंट वर. शेवाळ वर.

मासेमार शिवकाठी उलटी रोवत होते. आणि ज्याने ती हलवली त्याने सवयीने सुलटी केली होती. तीन महिने पाण्यात राहून शेवाळलेला शेंडा वर आला, चिंध्या खाली बुडायला लागल्या, म्हणून त्या सोडून नव्याने बांधाव्या लागल्या. जवळ होता त्या वाकाने.

दामिनी मागे येऊन उभी होती. तिने दोन्ही फोटो पाहिले आणि ती नवऱ्याकडे वळली. अमरच्या हातातली घागर कलंडली तरी त्याला कळलं नाही.

रश्मी तिथून तडक गोकुळाकडे गेली. आता मात्र ती तापली होती. तीन दिवस सगळ्या गावाने तिला मूर्खासारखं नाचवलं होतं. बाबुलालला माहीत होतं, गोकुळाला माहीत होतं, घरोघरी माहीत होतं. जावई एकट्या गोकुळाचा थोडाच असतो, तो अख्ख्या गावाचा असतो. गोकुळाशी दोन वर्षं न बोलणाऱ्या बाबुलालनेही तिच्या जावयासाठी तोंडाला कुलूप घातलं होतं.

"धुकं निवळलं तवा पाह्यली मी काठी," गोकुळा म्हणाली. तिने आता काही लपवलं नाही. "सुलटी होती. चिंधीले वाक होता. पथकवाले इचारून राह्यले, मी काय सांगू? शीव हलवली म्हनून त्याले जेलात टाकतीन. डोंगा गेला तं दुसरा करता येते मॅडम. पोरीचं घर कुठून आनू?"

"आणि सदतीस घरांचं काय?"

गोकुळाच्या हातातलं जाळं थांबलं.

"तेच तं," ती म्हणाली. "तुम्ही त्याचं नाव घ्यान तं माह्या पोरीचं घर जाईन. नाई घ्यान तं गावचं पानी जाईन. मले सुदरत नाई. तुम्ही शिकलेल्या हा, तुम्ही सांगा."

रश्मीने चहा तसाच ठेवला आणि बाहेर पडली.

५

सोमवारी डोहाच्या वाळूवर खुर्च्या मांडल्या होत्या. पल्याडचे एक शांत, चष्मेवाले अधिकारी आले होते. बुरांडे साहेबही आले होते, या वेळी चप्पल घालून. दोन्ही गावं उभी होती. गोकुळाचा डोंगा पल्याडच्या काठाला साखळीने बांधलेला दिसत होता आणि गोकुळा तिकडे पाहत नव्हती.

साहेबांनी ब्रेक्झिटला हात घातला, तेव्हा रश्मीने त्यांना पहिल्यांदाच मध्ये तोडलं.

"सर, ते कोर्टाने विचारलं ना, शेजारधर्म कायद्यात कुठे लिहिलाय म्हणून. पुढे काय झालं?"

साहेब गांगरले. "पुढे... पुढे त्यांनी कायद्यात लिहून घेतला. मासेमारी परत सुरू झाली."

"तेवढंच हवं होतं," रश्मी म्हणाली, आणि दोन्ही फोटो तिने चष्मेवाल्या अधिकाऱ्यांच्या हातात दिले.

मग तिने सगळं क्रमाने सांगितलं. जाळं काठीच्या सहा हात अलीकडे होतं, म्हणजे गोकुळाने शीव मानली होती. ठरवून चोरी करणारी बाई डोहाच्या चांगल्या भागात शिरली असती. धुक्यात फक्त चिंध्या दिसत होत्या. काठी कुणीतरी आधीच हलवली होती, आणि ते कुणी दोन्ही काठांचा मासेमार नव्हता, कारण मासेमार तिला कधी सुलटी रोवणार नाही. तिने शेवाळ दाखवलं, खुंट दाखवले, वाक दाखवला. चष्मेवाले अधिकारी स्वतः पँट दुमडून पाण्यात गेले, काठीला हात लावून पाहिला आणि परत आले.

पोचू रश्मीकडे पाहत होता. तिच्या हापिसाने काठी हलवली असं तीन दिवस तो समजत होता, आणि आता त्याचा चेहरा उतरला होता.

"मग हलवली कोणी?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे रश्मीला माहीत होतं. ती रात्रभर त्याच्याशी झगडली होती. खरं दडवलं तर गोकुळाचं निर्दोष असणं अर्धवट राहतं, परवाना लटकतो. सांगितलं तर पुढचं दिसतच होतं. तिने तोंड उघडलं. बाबुलाल खाली पाहायला लागला. गोकुळाने पदराचं टोक मुठीत आवळलं.

"म्यां हलवली."

अमर गर्दीतून पुढे आला. मागे दामिनी होती, तिने त्याला ढकललं नव्हतं आणि अडवलंही नव्हतं. तो सासूकडे पाहून बोलत होता, अधिकाऱ्यांकडे नाही. संक्रांतीनंतर एकट्याने हलवली. वाडी वाचवायची होती. काठी पाहून आपली सासू जाळं टाकते हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. डोंगा धरला गेला त्या दिवसापासून सांगायचं होतं, पण सासूच स्वतःवर घेऊन बसली, आणि मग त्याची हिंमत होईना.

"तिनं माह्यासाठी डोंगा सोडला," तो म्हणाला. "म्यां एका वाडीसाठी शीव सोडली."

बुरांडे साहेब उठून उभे राहिले. गुन्हा दाखल झालाच पाहिजे, आणि इथे आता सिमेंटचा पक्का खांब बसवू, म्हणजे पुन्हा कुणी हलवणार नाही. दामिनीने डोळे मिटले.

तेव्हा पोचू पुढे आला. त्याने साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाला की काठी सरकारची नाही, दोन गावांची आहे. कुठल्या कागदात तिचं नाव आहे ते दाखवा, मग गुन्हा लिहा. साहेबांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाले किंचित हसले आणि कागदात नाही हे खरं, असं म्हणाले. जिची दखल कायद्याने घेतलेली नाही ती हलवल्याचा गुन्हा कोणत्या कलमाखाली घालणार? गोकुळाचा डोंगा सोडायचा आदेश त्यांनी तिथेच मांडीवर लिहिला. आणि पुढच्या वर्षापासून काठी रोवली की दोन्ही खात्यांनी कागदावर सही करायची, हेही लिहिलं. परवान्याचा प्रश्न उरला नाही.

"अन याले शिक्षा?" बाबुलालने विचारलं. हे त्याने पोचूला नाही, सरळ गोकुळाला विचारलं होतं. दोन वर्षांनी.

गोकुळा पाण्यात चालत गेली. काठी तिने दोन्ही हातांनी धरली आणि हलवून हलवून उपटली. वाळूतून बुंधा वर आला तेव्हा जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाहिलं. बुंध्याच्या पेराला पांढरी मुळं फुटली होती, आणि त्यांच्या शेजारून बोटभर हिरवा कोंब वर आला होता.

रश्मीने तीन दिवसांत बऱ्याच जणांना विचारलं होतं की काठी कोणी हलवली. ती उलटी का रोवतात, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. आता विचारावं लागलं नाही. बुरांडे साहेबही त्या कोंबाकडे पाहत होते आणि सिमेंटचं पुन्हा बोलले नाहीत.

गोकुळाने कोंब नखाने खुडला, मुळं खरवडली आणि काठी उलटी करून जावयाच्या हातात दिली.

"दरसाल तूच धरशीन," ती म्हणाली. "शेंडा खाली. शीव रुजू द्याची नसते."

पोचूने सावरीवर नजर धरली, बाबुलालने कळसावर, आणि त्यांनी ओरडून सांगितलं तिथे अमरने काठी रोवली. रेघ पुन्हा वाडीच्या मधून गेली. अर्धे वेल पल्याड गेले. अमर त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. पोचू त्याच्या शेजारी जाऊन थांबला. गार्डांशी मी बोलतो म्हणाला, माझ्या बाजूचे वेल माझ्या गावाचे आहेत, ते कोण उपटतो पाहू. पण पहिलं टरबूज मला आणून द्यायचं.

पोचूने डोंगा सोडून आणला. गोकुळा चढली, वल्हं हातात घेतलं आणि मागे वळून दामिनीला हाक मारली. दामिनी धावत पाण्यात गेली. रश्मीने काठीचा फोटो काढला. ठिकाण पुन्हा आलापल्लीचं बसस्टँड आलं, आणि तिने तो तसाच साहेबांना पाठवून दिला.